नळी जिथून सुरू होते

पेशीविभाजनाचं चित्र शाळेत आपण सगळ्यांनीच काढलेलं आहे. एक गोल पेशी, तिच्या दोन बाजूंना तारककेंद्रं, मधोमध ओळीत उभी गुणसूत्रं आणि तारककेंद्रांपासून गुणसूत्रांपर्यंत ताणलेले तुर्कतंतू. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी नावं पाठ केली आणि आकृतीला बाण काढले की उत्तर पूर्ण. चित्र चुकीचं नाही, पण ते प्राण्यांच्या पेशीचं आहे. प्रयोगशाळेत आपण प्रत्यक्षात जी स्लाइड बघतो ती कांद्याच्या मुळाच्या टोकाची असते, आणि कांद्याच्या त्या पेशींमध्ये तारककेंद्रं नसतातच. यीस्टमध्येही नसतात. तरीही कांद्याचं मूळ वाढतं आणि यीस्ट तर दीड-दोन तासांत दुप्पट होतं.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तारककेंद्रच नाही, तर मग धागे सुटतात कुठून?"

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना इतका नेमका प्रश्न क्वचित येतो. मला तो फार जवळचा आहे, कारण शिकवायला लागण्याआधीची माझी काही वर्षं याच प्रश्नाच्या अवतीभवती गेली. तिला तासात जे सांगता आलं ते तुटपुंजं होतं. त्या दिवशी सांगायचं राहिलेलं इथे लिहिते आहे.

ज्यांना आपण तुर्कतंतू म्हणतो ते म्हणजे पोकळ नळ्यांचे जुडगे. एकेका नळीला सूक्ष्मनलिका म्हणतात. बाहेरून मोजली तर ती जेमतेम 25 नॅनोमीटर रुंद भरते. ती बनते ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनापासून. अल्फा आणि बीटा अशा दोन ट्यूब्युलिनची जोडी हा तिचा एकेक घटक, लांबी 8 नॅनोमीटर. या जोड्या एकापुढे एक लागून रांग होते, आणि अशा रांगा शेजारी शेजारी चिकटून गोल मिटल्या की नळी तयार होते. जिवंत पेशीत या रांगा बहुतेक वेळा 13 असतात. शुद्ध ट्यूब्युलिन परीक्षानळीत ठेवून नळ्या होऊ दिल्या तर हा आकडा पाळला जात नाही. कुठे 12, कुठे 14, कुठे 15. तेराच्या नळीत रांगा अगदी सरळ धावतात, बाकीच्यांमध्ये त्या नळीभोवती हळूहळू पिळत जातात. नळीवरून ओझं वाहून नेणारी प्रथिनं एखादी रांग धरून चालतात. म्हणजे रांग सरळ असणं त्यांच्यासाठी महत्त्वाचं.

आता खरी अडचण. तयार नळीच्या टोकाला आणखी एक जोडी चिकटणं सोपं असतं. अवघड असतं ते नळी मुळात सुरू होणं. दोन-चार जोड्या एकत्र येतात, पण शेजारचा आधार पुरेसा नसल्यामुळे लगेच सुटतात. पुन्हा येतात, पुन्हा सुटतात. बुरूड टोपली विणतो तेव्हा वेळ आणि लक्ष लागतं ते बूड बांधायला. किती कामट्या, कोणती कुठे, हे तिथेच ठरतं, आणि एकदा बूड पक्कं झालं की भिंती भराभर चढतात. सूक्ष्मनलिकेचंही तसंच आहे.

पेशी या अडचणीचा उपयोग करून घेते, आणि मला यातलं सगळ्यांत सुंदर काही वाटत असेल तर ते हेच. पेशीतलं ट्यूब्युलिनचं प्रमाण साधारण असं असतं की सुरू झालेली नळी वाढू शकते, पण आपोआप नवी नळी सुरू होणं दुर्मीळ राहतं. त्यामुळे जिथे बूड बांधून मिळेल तिथेच नळी उगवते. पेशीला हजारो जोड्यांवर नजर ठेवावी लागत नाही. सुरुवातीच्या जागा तेवढ्या हातात ठेवल्या की नळ्या कुठे, किती आणि कोणत्या दिशेला, हे सगळं हातात राहतं. दिशासुद्धा, कारण नळीची दोन टोकं सारखी नसतात. बुडाकडच्या टोकाला ऋण टोक म्हणतात, बाहेर वाढत जाणाऱ्याला धन टोक. त्यातून या नळ्या कायम टिकणाऱ्याही नाहीत. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी 1984 साली दाखवलं की वाढत असलेली नळी अचानक ढासळायला लागते, आणि त्याच वेळी शेजारची नळी वाढतच असते. पेशीत हे सतत चालू असतं. म्हणून नव्याने सुरुवात करण्याचं कामही कधी संपत नाही.

हे बूड कशाचं असतं, याचं उत्तर मिळालं ते एका बुरशीमुळे, आणि त्या शोधाचा धागा आमच्या घरापर्यंत येतो.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर नवे फुटवे यायला लागले आणि हवा ढगाळ झाली की नानांच्या कपाळावर आठ्या यायच्या. करपा येईल, पुढे भुरी येईल. मग कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी. पावडर ड्रममध्ये कालवताना मी काठीने ढवळायला उभी असे, तोंडाला रुमाल बांधून. हे औषध नक्की काय करतं, असं मी नानांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बुरशीला वाढू देत नाही." उत्तर बरोबर होतं. पण कसं वाढू देत नाही हे मला कळलं एम.एस्सी.ला, यीस्टच्या प्रयोगशाळेत बेनोमिलची बाटली हातात आल्यावर. बेनोमिल पाण्यात विघटित होऊन जे तयार होतं ते कार्बेन्डाझिमच. ते बुरशीच्या बीटा ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळ्या बनू देत नाही. नळ्या नाहीत तर गुणसूत्रं वेगळी होत नाहीत, आणि विभाजन थांबतं. शाळेत जंतांसाठी मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात तीही याच कुळातली. तिचं लक्ष्यही बीटा ट्यूब्युलिनच, फक्त जंतांचं. आपल्या ट्यूब्युलिनला ही औषधं त्या मानाने फार कमी चिकटतात.

काही वर्षांनी अशी औषधं लागू पडेनाशी होतात, हे बागायतदाराला सांगायला नको. अनेक बुरशींमध्ये त्याचं कारण एवढंसं निघालं, की बीटा ट्यूब्युलिनमधलं 198 क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललेलं होतं. शेतकऱ्याला हा तोटा आहे. जनुकशास्त्रज्ञांना मात्र त्यातून हत्यार मिळालं. रॉन मॉरिस यांनी ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचे बेनोमिलला दाद न देणारे प्रकार गोळा केले, आणि 1978 साली त्यांच्या गटाने दाखवलं की त्यांतला बदल ज्या जनुकात आहे ते बीटा ट्यूब्युलिनचं जनुक आहे. त्याचं नाव बेनए. यातला एक प्रकार, बेनए 33, मोठा उपयोगी ठरला. तो औषधाला पुरून उरतो, पण तापमान वाढवलं की वाढत नाही. मग अशा वसाहती शोधायच्या, ज्या बेनए 33 अंगात असूनही उष्णतेत वाढतात. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी जनुकात झालेल्या बदलाने पहिल्याचा दोष भरून काढला आहे. असं बहुधा तेव्हा घडतं जेव्हा ती दोन प्रथिनं पेशीत एकमेकांना प्रत्यक्ष भिडत असतात.

या पद्धतीने 1979 साली अल्फा ट्यूब्युलिनचं जनुक सापडलं, आणि ते अपेक्षितच होतं. पण आणखी एक जनुक सापडलं जे अल्फाचंही नव्हतं आणि बीटाचंही नव्हतं. बर्ल ओकली आणि एलिझाबेथ ओकली यांनी त्याचा क्रम वाचला तेव्हा ते ट्यूब्युलिनच निघालं, मात्र तिसऱ्या प्रकारचं. 1989 साली त्याला गॅमा ट्यूब्युलिन हे नाव मिळालं. नळ्यांच्या भिंतीत हे कुठेच लागत नाही. पेशीत ते असतंही अगदी थोडं. पुढच्याच वर्षी त्याची जागा दिसली. नळ्या जिथून सुरू होतात, नेमकं तिथेच ते बसलेलं होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात होते आणि मला नानांचा ड्रम आठवला. बागेत जे औषध आम्ही ढवळत होतो, त्याच औषधाला न जुमानणाऱ्या एका बुरशीने माणसाच्या पेशीतल्याही एका मूलभूत यंत्रणेचं दार उघडलं होतं. माणसाच्या पेशीतल्याही म्हणते, कारण गॅमा ट्यूब्युलिन आपल्याकडेही आहे, आणि तेच काम करतं. ते किती तेच असावं? होरिओ आणि ओकली यांनी 1994 साली फिशन यीस्टमधलं (मधोमध दुभागणारं हे यीस्ट पुढे भेटेलच) गॅमा ट्यूब्युलिनचं जनुक काढून तिथे माणसाचं घातलं. ते यीस्ट जगलं, वाढलं, विभागलं.

यीस्टमध्ये हे गॅमा ट्यूब्युलिन बसतं कुठे? पाव फुगवणारं, गोव्यात माडाच्या सुरेला फेस आणणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाठ्यपुस्तकात कलिकायनाचं, म्हणजे पेशीला कळी फुटून नवी पेशी होण्याचं, उदाहरण म्हणून येतं ते हेच. याच्या विभाजनात एक गोष्ट आपल्या पेशीपेक्षा मुळातून वेगळी आहे. आपल्याकडे विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि बाहेरच्या नळ्यांना गुणसूत्रांपर्यंत वाट मोकळी होते. यीस्टचं केंद्रकावरण शेवटपर्यंत शाबूत राहतं. गुणसूत्रं आत बंद, आणि केंद्रक कळीकडे ओढून नेण्याचं काम मात्र बाहेर. म्हणजे नळ्या दोन्हीकडे हव्यात. यीस्टने सुरुवातीची जागाच आवरणात रोवून टाकली आहे. तिला स्पिंडल पोल बॉडी म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे एसपीबी म्हणतात, मीही तेच म्हणते.

रॉबिनो आणि मराक यांनी 1966 साली यीस्टच्या केंद्रकातल्या या तंतूंच्या यंत्रणेचं वर्णन केलं. पुढे सिॲटलला ब्रेक बायर्स आणि लोरेटा गोएच यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एसपीबीची पूर्ण चक्रातली वाटचाल टिपली आणि 1975 साली प्रसिद्ध केली. ती छायाचित्रं आजही बघत राहावीशी वाटतात. आवरणाच्या दोन पदरांमध्ये बसलेली, सुमारे 100 नॅनोमीटर रुंदीची, थरांनी बनलेली एक चकती. मधला थर आवरणाच्या पातळीत, बाहेरचा पेशीद्रवाकडे, आतला केंद्रकाकडे. आतून सुटलेल्या नळ्या गुणसूत्रांकडे जातात, बाहेरून सुटलेल्या मोजक्याच नळ्या कळीच्या दिशेने.

या चकतीचे भाग एकेक करून वेगळे काढण्याचं काम बरंचसं केंब्रिजमध्ये जॉन किल्मार्टिन यांनी केलं. त्यांच्या गटाने 1993 साली दाखवलेली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना हटकून सांगते. एसपीसी 110 नावाचं एक लांब, दांडीसारखं प्रथिन आहे. त्याचं एक टोक मधल्या थरात रुतलेलं, दुसरं आत केंद्रकाकडे. त्यांनी त्याची मधली दांडी जनुक बदलून आखूड केली. सूक्ष्मदर्शकाखाली मधला आणि आतला थर तेवढेच जवळ आलेले दिसले, आणि पेशी जगल्या. एका रेणूची लांबी चकतीच्या दोन थरांतलं अंतर ठरवते, याचा इतका सरळ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

याच एसपीसी 110 च्या आतल्या टोकाला गॅमा ट्यूब्युलिन धरून ठेवलेलं असतं. सुटं नव्हे. दोन गॅमा ट्यूब्युलिन, एक एसपीसी 97 आणि एक एसपीसी 98 असा त्याचा छोटा संच असतो. बाहेरच्या बाजूला असेच संच धरून ठेवणारं प्रथिन वेगळं, एसपीसी 72. संच तोच, फक्त कुठल्या दारापाशी बसायचं ते धरणाऱ्या प्रथिनाने ठरवायचं. आणि तेराचा हिशोब? कोलमन, एगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली हे संच एसपीसी 110 च्या तुकड्याबरोबर ठेवले तेव्हा ते आपोआप एकाशेजारी एक लागून मळसूत्रासारखे वळले. एका फेऱ्यात साडेसहा संच. प्रत्येक संचात गॅमा ट्यूब्युलिन दोन, म्हणजे फेऱ्यात 13. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. परीक्षानळीत 12 की 14 असा घोळ घालणाऱ्या ट्यूब्युलिनला पेशीत तेराचा आकडा कुठून मिळतो, हे तिथे डोळ्यांना दिसत होतं.

नळ्यांच्या संख्येतही हे यीस्ट फार काटेकोर आहे. एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, पेशीत गुणसूत्रं 16, आणि प्रत्येक गुणसूत्राला प्रत्येक टोकाकडून एकच नळी. मार्क वायनी आणि सहकाऱ्यांनी 1995 साली तुर्काचे, म्हणजे दोन टोकांमधल्या या सगळ्या नळ्यांच्या रचनेचे, पातळ काप घेऊन एकेक नळी मोजली. गुणसूत्रांसाठीच्या सोळा आणि त्याखेरीज समोरच्या टोकाकडून येणाऱ्या नळ्यांशी गुंतणाऱ्या मोजक्या चार-पाच. एक जरी गुणसूत्र नळीविना राहिलं तर पेशी पुढे सरकत नाही, थांबून राहते. ही थांबण्याची यंत्रणा 1991 साली सापडली तीही बेनोमिलच्या कुळातल्या औषधांमुळेच. नळ्या मोडल्या तरी न थांबता पुढे जाणारे आणि त्यामुळे मरणारे यीस्टचे प्रकार वेचले, आणि बब व मॅड ही जनुकं हाती लागली. त्यांची भावंडं माणसातही आहेत, आणि कर्करोगाच्या अभ्यासात ती रोज भेटतात.

हे सगळं असलं तरी माझं मन रमलं ते दुसऱ्याच यीस्टमध्ये. शायझोसॅकरोमायसिस पोम्बे, म्हणजे फिशन यीस्ट. पूर्व आफ्रिकेतल्या भरड धान्याच्या बिअरमधून पॉल लिंडनर यांनी 1893 साली ते वेगळं केलं. याला कळी येत नाही. गोळीसारखी लांबट पेशी दोन्ही टोकांनी वाढते आणि बरोबर मध्यावर पडदा घालून दुभागते. तीनच गुणसूत्रं. एडिंबरामध्ये मर्डॉक मिचिसन यांनी या पेशीच्या वाढीचा अभ्यास उभा केला, आणि पॉल नर्स यांनी तिथेच ते काम सुरू केलं जे 2001 च्या नोबेलपर्यंत गेलं. जाता जाता सांगते, हे मर्डॉक मिचिसन म्हणजे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे भाचे. तेच हाल्डेन, जे 1957 साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. वर ज्यांचा उल्लेख आला ते टिम मिचिसन मर्डॉक यांचे पुतणे. एका घराण्यात पेशीविषयीचं इतकं कुतूहल पिढ्यान्पिढ्या टिकावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

फिशन यीस्टची सूक्ष्मनलिकांची तऱ्हा समजायला ती हलताना बघावी लागते. मी एका प्रयोगशाळेत प्रकल्प करत होते तेव्हा आमच्याकडच्या यीस्टमध्ये अल्फा ट्यूब्युलिनला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं होतं. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून तासन्‌तास बसायचं. पडद्यावर गोळीसारख्या पेशी, प्रत्येकीत लांबीच्या दिशेने तीन-चार हिरव्या रेषा. रेषा टोकापर्यंत वाढतात, टोकाला टेकून थोडा वेळ थांबतात, मग सरसर मागे येतात आणि पुन्हा निघतात. या नळ्यांची ऋण टोकं केंद्रकाजवळ एकमेकांवर आलेली असतात आणि धन टोकं पेशीच्या दोन टोकांकडे. इथे एसपीबी आहेच, पण ती एकटी नाही. केंद्रकाच्या पृष्ठभागावर, शिवाय आधीच्या नळ्यांच्या अंगावरही नव्या नळ्या सुरू होतात. नळ्या टोकांवर टेकल्या की केंद्रकाला विरुद्ध दिशेला ढकलतात. दोन्हीकडून असं ढकललं जाऊन केंद्रक पेशीच्या मध्यावर राहतं. फ्रेड चँग, फोंग ट्रॅन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली हे दाखवलं. पडदा कुठे पडायचा हे केंद्रकाच्या जागेवरून ठरतं. त्यामुळे विभाजनाच्या कितीतरी आधी, नुसत्या वाढण्याच्या काळात, या नळ्यांनी पुढची रेघ आखून ठेवलेली असते.

मग विभाजनाची वेळ येते. मी याची वाट बघत बसायची. हिरव्या रेषा एकेक करून विरतात आणि पेशीद्रव रिकामा दिसायला लागतो. केंद्रकाच्या जागी एक तेजस्वी ठिपका उमटतो, त्याची आखूड काडी होते, काही मिनिटं काडी तेवढीच राहते, आणि मग एकदम लांब व्हायला लागते, पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तीन गुणसूत्रांचे दोन संच दोन टोकांना गेलेले असतात. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास.

बाहेरच्या सगळ्या नळ्या जाव्यात आणि आतल्या याव्यात, ही अदलाबदल होते कशी? ट्यूब्युलिन तेच, गॅमा ट्यूब्युलिनचे संचही तेच. बदलतात ते संचांना धरून ठेवणारे. वाढीच्या काळात एसपीबी केंद्रकावरणाच्या बाहेरच्या अंगाला टेकलेली असते. विभाजनाला सुरुवात होताना आवरणात तिच्यापुरती खिडकी उघडते, ती त्यात बसते आणि आतल्या बाजूने नळ्या सुटू लागतात. आतल्या बाजूला संच धरणारं प्रथिन पीसीपी 1, पावाच्या यीस्टमधल्या एसपीसी 110 चंच भावंड. बाहेरचं काम दुसऱ्या जोडीकडे आहे, एमटीओ 1 आणि एमटीओ 2.

या जोडीवर सगळ्यांत चिकाटीने काम केलं ते एडिंबराच्या केन सॉइन यांच्या गटाने. एमटीओ 1 त्यांनी 2004 साली मांडलं. हे जनुक काढून टाकलं तरी पेशी मरत नाही, कारण केंद्रकातला तुर्क व्यवस्थित बनतो. पण पेशीद्रवात नळ्या सुरू करणारं कुणी राहत नाही. जी एखादी नळी उरते ती पेशीच्या कडेने वळत जाते, आणि पेशी केळ्यासारखी वाकडी होते. मी या पेशी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून उठले नाही. आकार वाकडा, विभाजन सरळ. आतलं आणि बाहेरचं काम किती स्वच्छ वेगळं केलेलं आहे, हे कुठल्याही आकृतीपेक्षा त्या वाकड्या पेशींनी मला जास्त पटवलं.

आणि विभाजनात बाहेरचं काम बंद कसं होतं, तेही त्याच गटाने 2015 साली उलगडलं. विभाजनाच्या वेळी एमटीओ 2 वर अनेक ठिकाणी फॉस्फेट चिकटवले जातात. त्याने एमटीओ 1 आणि 2 यांचा संयोग मोडतो, आणि बाहेरचे गॅमा संच निकामी होतात. नळ्या तोडायला वेगळी फौज लागत नाही. त्या एरवीही ढासळतच असतात, फक्त आता नव्या उगवत नाहीत. काही मिनिटांत पेशीद्रव मोकळा. बाहेरच्या नळ्या चालूच राहिल्या असत्या तर ट्यूब्युलिनच्या त्याच साठ्यासाठी आत-बाहेर ओढाताण झाली असती. पेशीने ती सुरुवातीच्या पायरीवरच टाळली. मोडत बसण्यापेक्षा न उगवू देणं, हा उपाय मला कमालीचा शहाणा वाटतो.

केंद्रकाच्या पृष्ठभागावर एमटीओ 1 बसतं कसं, याचं उत्तर 2018 साली आलं. केंद्रकातून बाहेर जाणारा माल सीआरएम 1 नावाचं प्रथिन केंद्रकछिद्रातून वाहून नेतं. एमटीओ 1 आपण असाच माल असल्याचं भासवतं आणि छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी सीआरएम 1 ला धरून राहतं. वाहतुकीसाठी असलेलं प्रथिन इथे नळ्यांसाठी नांगर होतं.

अजून एक जागा सांगायची राहिली, आणि ती सगळ्यांत कमी वेळ टिकते. गुणसूत्रं दोन टोकांना पोचली, तुर्क विरला, की पेशीच्या बरोबर मध्यावर, जिथे पडद्यासाठी ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं बांधलेलं असतं, तिथून नळ्या सुटायला लागतात, दोन्हीकडे. पुन्हा एमटीओ 1, आणि या वेळी त्याला धरणारं कडंच. पार्डो आणि नर्स यांनी 2003 साली दाखवलं की या नळ्या कड्याला मध्यावर धरून ठेवतात. पडदा पूर्ण होईपर्यंत त्यांचं काम, मग त्या जातात. आणि दोन्ही नव्या पेशींत केंद्रकाभोवती रेषा पुन्हा उमटतात.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं लांब आहे. यीस्टमध्ये धागे एसपीबीपासून सुटतात, आवरणाच्या आतून आणि बाहेरून, केंद्रकाच्या पृष्ठभागावरून, जुन्या नळ्यांच्या अंगावरून, आणि काही मिनिटांपुरते पेशीच्या मध्यावरूनसुद्धा. तारककेंद्र ही अशीच एक जागा आहे, प्राण्यांनी सांभाळलेली. सगळीकडे मुळाशी आहे ते गॅमा ट्यूब्युलिन. आपल्या पुस्तकांत तारककेंद्राचं चित्र असतं आणि गॅमा ट्यूब्युलिनचं नावही नसतं, हे मला खटकतं. दहावीच्या मुलांना नाव पाठ करायला लावा असं मी म्हणत नाही. पण "नळ्या सुरू करणारी एक जागा लागते, आणि ती वेगवेगळ्या सजीवांत वेगवेगळी असते" एवढं एक वाक्य सहज मावेल.

आमच्या महाविद्यालयात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही, आणि चमकणाऱ्या ट्यूब्युलिनचं यीस्टही नाही. पावाचं यीस्ट आहे, इनक्युबेटर आहे, आणि घरून आणलेलं कार्बेन्डाझिम आहे. यंदा त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने प्रकल्पासाठी हेच घेतलं आहे. माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवायचं, प्रत्येक थाळीवर यीस्टचे सौम्य होत जाणारे थेंब ठेवायचे आणि कुठपर्यंत वाढतं ते बघायचं. थाळ्यांचा एक संच नेहमीच्या तापमानाला आणि एक थंड जागी ठेवा, असं मी त्यांना सुचवलं आहे. सूक्ष्मनलिका थंडीत मोडतात. क्योटोमध्ये मित्सुहिरो यानागिदा यांच्या गटाने फिशन यीस्टच्या ट्यूब्युलिनची जनुकं शोधली ती थंडीत विभाजन अडणारे प्रकार वेचूनच. त्यांतल्या बीटा ट्यूब्युलिनच्या एका प्रकारात 20 अंशांना तुर्क बनत नाही, आणि 36 अंशांवर नेलं की काही मिनिटांत सगळ्या पेशींत एकदम बनतो. दोघींनी नानांना फोन करून औषधाचं बागेतलं प्रमाणही विचारून घेतलं. नानांनी त्यांना लिटरमागे किती ग्रॅम ते सांगितलं, आणि मग अर्धा तास करप्याबद्दल.